तळीचा पाचवा हात

छावणी, संभाजीनगर

रामप्रसादच्या बापास,

फोन कापता, म्हणून लिहिते. मेंढी लंगडली तर कन्नडहून जनावरांचा डॉक्टर आणलात, अन् पोटच्या पोराला भगताचा अंगारा पाठवता? तो अंगारा मी गल्लीतल्या पाण्याच्या टँकरखालच्या चिखलात टाकला.

"आई, मला पोरी नाय, पोरंच आवडत्यात," असं तो बोलला, तवा मीबी दोन दिवस तोंड फिरवलं. मग दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा आजारच नाही. घरच्यांनी टाकलं तर मात्र पोरगा खचेल."

तसा बरा आहे. काल अर्धी भाकर खाल्ली. मी कामावर गेले की शेजारच्या द्वारकाबाई त्याच्यापाशी बसतात. एकटं सोडवत नाय.

आपली लेक शालू सांगत होती, खंडोबाची तळी उचलायच्या पाच जणांत यंदा त्याच्या जागी पुतण्याला घेताय. आठ वर्षांचा होता तवापासून पाचवा हात त्याचा आहे. देवानं कधी झटकला नाय, तुम्ही कोण लागून गेलात?

तुमच्या आईचा गुडघा कसा आहे? विहिरीला पाणी उरलंय का?

चंपाषष्ठीला आम्ही दोघं येणार, नायतर दोघंबी नाय. व्हय का नाय ते सोमवारपर्यंत फोन करून सांगा. मला नव्हं, त्याला.

सुगंधा