वळणावर गप्प होणारे नानामामा

तीर्थस्वरूप नानामामांस,

शिवांजलीचा पुण्याहून साष्टांग नमस्कार. गुडघ्याची सूज उतरली का? (गाडी उसात गेल्यावर मी आधी बंपर पाहिला आणि मग तुमचा गुडघा. तो क्रम मी विसरलेले नाही.) मामीही बऱ्या असतील.

गाडीशी बोलता यावं, पण त्या बोलण्यापायी चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावरून उडू नये, अशी यंत्रणा आम्ही बनवतो, हे तुम्हाला मी त्या दिवशी तीनदा सांगितलं. सव्वीस वर्षं फौजेचे ट्रक चालवलेल्या माणसाला आपली हुशारी दाखवावी, म्हणून तर कंपनीची चाचणीची गाडी घेऊन उंब्रजला आले आणि तुम्हाला शेजारी बसवून मसूरच्या रस्त्याला लागले. ओढ्याजवळच्या वळणावर गाडीनं विचारलं, गाणं लावू का. (वळणावर प्रश्न विचारायचा नाही, हा नियम माझाच. तो गाडीत घालायचा राहिला होता.) दोन दिवसांत माझी जीभ गावावर गेलेली. मी म्हणाले, "न्हाई." गाडीनं ऐकलं न्हावी. ती जवळचे तीन न्हावी वाचू लागली, दुकानांच्या वेळांसकट. मी पुन्हा न्हाई म्हटलं, तर पाच झाले. तिला गप्प करायला मी पडद्याकडे वाकले, आणि तुम्ही "शिवा, रस्ता बघ," म्हणेपर्यंत आपण जोतीरामच्या उसात चार सऱ्या आत होतो.

इथवर हसण्यासारखं आहे, पुढचं नाही. जोतीराम धावत आला, मागून दहा माणसं. कसं झालं विचारल्यावर मी म्हणाले, "मामा लय बोलत हुते, लक्ष उडालं." तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत आणि त्याला म्हणालात, "व्हय गड्या, माजंच चुकलं." मी मान खाली घालून दिव्याच्या काचा गोळा करत राहिले. ऑफिसच्या अहवालातही तेच लिहिलं.

काल आमच्या वरिष्ठ माया मॅडमनी त्या प्रवासाचं रेकॉर्डिंग सगळ्यांसमोर लावलं. (गाडीतलं बोलणं साठवण्याची सोयही मीच केलेली.) तुम्ही बर्फात अडकलेल्या ट्रकची गोष्ट सांगत होता. समोरून वाहन आलं की तुमचं वाक्य अर्ध्यावर थांबायचं, रस्ता मोकळा झाला की तिथूनच पुढे. ओढ्याच्या आधी तर तुम्ही पूर्ण गप्प. मग फक्त न्हावी. खोलीत कुणी हसलं नाही. मॅडमनी अहवाल माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, "बोलत कोण होतं?" मी खोटं लिहिलं, एवढंच म्हणू शकले. जे चार वर्षं आम्हाला गाडीला शिकवता येत नाही, ते तुम्ही शेजारी बसून करत होता, आणि मी नेमका त्याचाच दोष तुमच्या माथी मारला. मामा, मला माफ करा.

अहवाल बदलला आहे. जोतीरामलाही फोन करून खरं सांगितलं. तो म्हणाला, "ठावं हाय ताई. तुमी मामांचं नाव सांगत हुता, तवाबी गाडी न्हावीच वाचत हुती."

तुमची,
शिवा

ता. क. माया मॅडम विचारतात, आठ दिवस पुण्याला याल का? गाडी चालवायची नाही. नुसतं शेजारी बसून बोलायचं. तुम्ही कुठे थांबता, ते आम्ही टिपून घेऊ.

ता. क. २. आईला अजून खरं सांगितलेलं नाही. तिनं फोनवर तुम्हाला अर्धा तास सुनावलं आणि तुम्ही ऐकून घेतलंत, असं मामी म्हणाल्या. मी चारदा फोन हातात घेतला, धीर होत नाही. तेवढं तिला तुम्हीच सांगाल का?