काजवाल्यांचं उत्तर

घमापूर, जबलपूर
रविवार, ता. २१ ऑक्टोबर १९४५

चि. रत्नाकर यास विनताअक्काचे आशीर्वाद.

इकडे मी बरी आहे. थंडी अजून पडलेली नाही. तुझं पत्र तुमच्या युनियनच्या श्यामसुंदरने आणून दिलं. सदर बाजारातून घमापूरला पायी यायला तुझे पाय काही झिजले नसते, पण सचिवसाहेबांना वेळ कुठला! मायना वाचून मात्र करमणूक झाली. ‘आदरणीय कामगार भगिनी’! अरे, आई गेल्यावर तुझा शेंबूड मी पुसला, सुईत दोरा ओवायला मी शिकवलं, आणि आता मी आदरणीय झाले. दोन वर्षं तोंड दाखवलं नाहीस. एवढा आदर कुठे साठवून ठेवला होतास?

तुझ्या जयाचा खोकला कमी झाला का? पोरीला सकाळी गार पाणी देऊ नका.

लढाई संपली, पलटणीचे कपडे लागेनासे झाले, म्हणून शेटने तुम्हा पुरुषांना कामावरून काढलं. ऐकून वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, आधी हसू आलं. आता म्हणे शेवटचा माल अडवायचा, तर आम्ही काज-बटणं करणाऱ्या बायकांनी हात आवरायला हवेत, कारण काजं झाल्याशिवाय शर्ट स्टेशनवर जात नाहीत. हे तुला आज कळलं. मागच्या संपात आम्हीही तुमच्याबरोबर फाटकाशी उन्हात बसलो होतो, तेव्हा आमची काजं तुला दिसली नव्हती.

तेव्हाचा करार तूच लिहिलास. ‘सर्व दर्जींना महागाई भत्ता.’ मी म्हटलं, त्यात बायकांचं नाव घाल. तू म्हणालास, “अक्का, दर्जीत बायका आल्याच ना! काहून शंका घेऊन राहिली?” भत्ता वाटायच्या दिवशी शेट म्हणाला, “काजवाली औरतें दर्जी कब से हो गईं?” सगळे पुरुष हसले. तू हसला नाहीस, तेवढं मी पाहिलं. पण तोंडही उघडलं नाहीस. आपला भत्ता घेतलास, आणि संध्याकाळी फुटाण्यांची पुडी घेऊन माझ्या दारात उभा. “पुढच्या वेळी तुमचंबी पाहू, अक्का.” दार लावलं ते तेव्हापासून.

आधी राग होता. तो कधीच वाळून गेला, आता तुझं नाव निघालं की नुसती शिसारी येते. पाठच्या भावाबद्दल असं लिहिताना हात अडखळेल असं वाटलं होतं, तेही झालं नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी टाळते आहे, हे तुला कळलंच असेल. काल शेजारच्या शकूच्या ओट्यावर सगळ्या काजवाल्या बसल्या. तुझं पत्र मीच वाचून दाखवलं, भाषण ठोकतोस त्या थाटात. सगळ्या पोट धरून हसल्या. मी म्हटलं, गरज पडली तेव्हा आठवलो आपण. म्हणावं, करा आता स्वतःच काजं. मला वाटलं, झालं काम. तेवढ्यात भानुमती उठली. तिच्या नवऱ्यालाही तुमच्याबरोबरच काढलंय. “अक्का, सारं खरं हाये. पण आज त्यायले काढलं, उद्या आपल्याले काढन. तवा कोणाले बोलावशीन?” मग तिनेच हात वर करायला सांगितले. काम बंद करू नये म्हणून वर झालेला हात माझा एकटीचा होता. घरी येऊन मी जेवले नाही.

तेव्हा उद्यापासून एकही काज होणार नाही. माझंही नाही. तू असतास तर यातून पळवाट काढली असतीस. मला ती काढता येत नाही. शेटशी बोलायला भानुमती बसेल. तिच्या शेजारी तू बसायचं नाहीस, अशी आमची अट आहे. ही मात्र एकमताने पास झाली.

तुझ्यासाठी काम सोडणारी, तुझं तोंड न पाहणारी,
तुझी अक्का