आईच्या ओळीवरची खरखर

रविवार, संध्याकाळ

घाई केली का मी?

आईच्या घाटकोपरच्या गायनपार्टीची ती भीमगीतांची रेकॉर्ड, घरात एकच प्रत. पहिल्याच गाण्याच्या दुसऱ्या कडव्यातली एक ओळ आपण एकटीने गायलीय, असं आई नेहमी सांगायची. पण नेमकी तिथेच इतकी खरखर, की आवाज कुणाचा ते कळायचंच नाही. तिला जाऊन वर्ष होतंय. म्हटलं, एकदा तरी ती ओळ नीट ऐकू या.

दादाने फोनवर झापलंच, "हात लावू नकोस गं, वाट लावशील!" तरी डिस्टिल्ड वॉटर घेतलं, त्यात साबणाचा एक थेंब. मऊ फडक्याने खाचांच्या दिशेने गोल पुसत गेले, मधलं लेबल भिजू दिलं नाही. तासभर सुकवली. मग अलगद सुई ठेवली.

खरखर पुष्कळ गेली. ती ओळ आली, स्वच्छ. आणि आवाज आईचा नव्हता.

शेजारी बसून ऐकणारे बाबा खाली बघत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो. तू पोटात होतीस. सारख्या उलट्या. स्टुडिओच्या दारातूनच परत आलो आम्ही. ती ओळ पार्टीतल्या शांतामावशीने गायली."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"महिनाभर तालमी तुझ्या आईनेच केल्या ना. ओळ तिचीच होती."

मला रडू आलं, रागही आला. कुणाचा, तेही कळेना. तेवढ्यात बाबांनी डोळे मिटून ती ओळ म्हटली, आई म्हणायची तशी, शेवटचा सूर जरा जास्तच लांबवत. मी पटकन मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू केलं.

"बाबा, परत म्हणा."