भुलाबाईचं पुढचं कडवं

भोपाळ, कोजागिरी, १९५७

कमलताई,

नागपूरची राजधानी इथे आली, तशी आम्हा कारकुनांची बिऱ्हाडंही आली. भुलाबाई तेवढी मागे राहिली. यंदा मी हट्टानं मातीची भुलाबाई बसवली. क्वार्टर्समधल्या आपल्याच मराठी मुली जमल्या. पहिलं कडवं म्हटलं आणि अडले. लहानपणी गाणी तू म्हणायचीस, मी नुसत्या टिपऱ्या वाजवायचे. मुली विचारत होत्या, "मौसी, आगे?" मी टिपऱ्याच वाजवत राहिले.

तुझ्याकडून गाणी मागवावीत म्हणून लिहायला बसले, तोच भाऊजींचं कार्ड आलं. अर्धांगवायूनं तुझी वाचा गेली, उजवा हातही गेला.

हे पत्र आता टाकत नाही. टाकलं तर भाऊजी तुला वाचून दाखवतील आणि तू गायला तोंड उघडशील.

तुझी टिपरीवाली,
रत्ना