ग्रॅनाइटचा ओटा

रविवार, संध्याकाळ

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

विनायकने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, जुन्या मिनीबसची मोटरहोम केली आणि तिच्यात ग्रॅनाइटचा ओटा बसवला. प्लायवूडचा म्हणे भातुकलीतला वाटतो. ओटा डावीकडे, पाण्याची टाकी डावीकडे, फ्रिजही तिकडेच. मांजरी गावातल्या वजनकाट्यावर गाडी तोलताना मी म्हटलं, डावी चाकं तेवढी वेगळी चढवून बघ. तर म्हणाला, "एकूण वजन मर्यादेत आहे. टायरचं तू मला शिकवू नकोस."

आज सासवडच्या रस्त्यावर मागचा डावा टायर फुटला. बॉम्बच. रबराचे तुकडे पत्रा फाडून आत घुसले. मागे बसलेल्या सासूबाईंची पोटरी फाटली, ओट्याखाली रक्तच रक्त. आणि हा आत आला, ओट्यावरून हात फिरवला, म्हणाला, "तडा नाही गेला." स्वतःची आई त्याला नंतर दिसली. आधी ओटा!

टाके घालून घरी आलो. हा चहा पीत म्हणतो, टायरच भिकार निघाला, उद्या नवे टाकतो. त्याच वजनाखाली? ओट्यावरून फिरणारा तो हात डोळ्यांसमोरून जाईना. मी खाली पार्किंगमध्ये गेले, गाडीतलाच हातोडा उचलला आणि ओट्यावर घातला. घालतच राहिले. कपच्या तोंडावर उडाल्या. हा धावत आला. "वेड लागलंय का तुला?"

"फिरव हात," म्हटलं. "बघ तडा गेलाय का."

वर गॅलरीत पाय पसरून बसलेल्या सासूबाई ओरडल्या, "अगं, टाकी राहिली!"