भिंतीवर आपटणारा राक्षस

भिसेगाव, शनिवार, १९८६

संगणक उद्या शिळफाट्याच्या मित्रास परत करावयाचा आहे आणि खेळासाठी मी निर्मिलेला राक्षस अद्याप महामूर्ख! पडद्यावर मी भिंतीआड उभा राहिलो, की हा माझ्या दिशेने सरळ धावतो आणि भिंतीवर मस्तक आपटत बसतो. कोणावर गेला, कोण जाणे! शत्रूच मूढ असेल, तर शौर्य कसले?

दुपारी वीज गेली. पडदा नीट दिसावा म्हणून खिडक्या बंद होत्या, त्यामुळे मिट्ट काळोख. सौ.च्या आवाजाच्या रोखाने निघालो आणि कपाटावर मस्तक आपटले.

"अवो, सरळ काय घुसताय? भिंतीला हात लावून फिरून या की!"

राक्षस कोणावर गेला, ते कळले. वीज येताच त्यास नवी आज्ञा दिली: अडलास, तर भिंत न सोडता वळसा घाल. सायंकाळी त्या राक्षसाधमाने भिंतीस प्रदक्षिणा घालून माझा वध केला.

"मेलो! मेलो!" मी हर्षाने गरजलो.

सौ. धावत आली. "तिन्हीसांजेला काय हे अभद्र!" मग पडद्याकडे बघत म्हणाली, "सरका. मला धरतोय का बघू."

संगणक परत करण्याचा प्रश्न तूर्त तिच्या विचाराधीन आहे.