सूर्य अमरावतीच्या जरा पुढे

धंतोली, नागपूर
ता. १७ नोव्हेंबर १९७६

ती. सिंधूताईस,
गोपिकेचा नमस्कार.

नागपूरहून काटोल साठ किलोमीटर, एसटीने दोन तास. मग तिथे यायला मला सतरा महिने आणि दोन दिवाळ्या का पुरल्या नाहीत? आपल्या घरातली मी पहिली बी.एस्सी., मुलींना गणित शिकवते, पण याचं उत्तर मला येत नाही. तुझा गुडघा कसा आहे? आईचा खोकला थांबला का? बाबांची तब्येत मी विचारत नाही. ती तू आपणहून लिहिशीलच.

खोली चांगली आहे. खाली डॉक्टरांचा दवाखाना असल्याने सकाळपासून रांग लागते आणि मी खिडकीतून आपल्याकडचं कोणी दिसतं का ते पाहते. (गावातलं कोणी आजारी पडावं असं मला मुळीच वाटत नाही. पण पडलंच तर याच डॉक्टरांकडे यावं.) परवा एका म्हातारबुवांची पाठ थेट बाबांसारखी वाटली म्हणून जिना उतरून धावले. ते सावनेरचे निघाले. मला नर्स समजून त्यांनी जीभ दाखवली. मी म्हटलं, ठीक आहे.

आता शाळेतली फजिती. आठवीच्या मुलींना मी मोठ्या संख्या दहाच्या घातात लिहायला शिकवलं. सूर्य पंधरा कोटी किलोमीटर दूर. ती सगळी शून्यं मांडण्याऐवजी दीड गुणिले दहा लिहायचं आणि दहाच्या खांद्यावर बारीकसा आठ. एवढं थोरलं अंतर त्या चिमुकल्या आठात मावतं! (हे सांगताना मला डोळे आणि नाक पुसावं लागलं. मुलींना वाटलं, बाईंना सर्दी झाली.) सहामाहीचा पेपर आमचे कारकून चंपतराव यांनी टाइप केला. घंटा झाली होती, ते डोक्याशी उभे होते, मी न वाचताच सही केली.

पेपरात आठ खाली उतरला होता. दहावर आठ होता, तो एकशे आठ झाला. त्यामुळे सूर्य आला एकशे बासष्ट किलोमीटरवर, म्हणजे अमरावती ओलांडली की पोचलोच. चाळीस मुलींनी इमानाने तेच उत्तर काढलं. एकीने पुढे लिहिलं, ‘म्हणूनच नागपूरचा उन्हाळा असा असतो.’ प्रमोदिनी नावाच्या हुशार मुलीने लिहिलं, ‘सूर्य इतका जवळ असता तर आपण जळून गेलो असतो. पण बाई चुकत नाहीत, म्हणून उत्तर बरोबर.’

मी चंपतरावांना विचारायला गेले, तर ते खुशीत. “बाई, तुमचे आकडे चिमणीवानी वर बसून राहिले होते, मीच खाली उतरवले. आता पेपर कसा साफ दिसून राहिला, पाहा!” रागवणार कशी? सही माझी होती.

सगळ्यांना पूर्ण गुण दिले आणि वर्गात उभी राहून सांगितलं, चूक माझी. मग प्रमोदिनीने काळजीने विचारलं, “मंग बाई, आता तुमाले कोण रागावन?”

ताई, या शहरात मला रागवणारं कोणीच नाही, हे मला तेव्हा कळलं. फळा पुसायला वळले आणि बराच वेळ पुसत राहिले.

नोकरीसाठी निघताना बाबा म्हणाले होते, “बलावल्याबिगर येजो नको.” हे तू सगळ्यांना सांगतेस. त्यावर मी फाटकाशी जाऊन म्हटलं होतं, “बलावलं तरी येनार नाही.” हे तू ऐकलं नाहीस. ते फक्त त्यांना ठाऊक आहे आणि मला.

आईला नमस्कार.

तुझी,
गोपी

ता.क. बाबांना हे पत्र जीभ दाखवण्यापर्यंतच वाचून दाखव. हसले तर कळव, म्हणजे यायचं की नाही ते मी ठरवीन.

आणखी ता.क. (ता. १८) कळवू नकोस. आज सकाळीच बाबांच्या नावाने कार्ड टाकलं: ‘फाटकाशी माझं चुकलं. रविवारी पहिल्या एसटीने येते. बोलावलेलं नाही, हे ठाऊक आहे.’